न झालेल्या गोलांचे दप्तर

चरित्रलेखनाची आपल्याकडील रूढ वाट अशी, की ज्याने काही जिंकले, काही बांधले, काही लिहिले, किंवा निदान काही मोडले, त्याचे चरित्र लिहावे; आणि ज्याने आयुष्यभर केवळ अनर्थ टाळले त्याची बोळवण परिशिष्टातील एका ओळीवर करावी. फुटबॉलमधील बचावपटू हा या दुसऱ्या वर्गातला मनुष्य होय. आघाडीच्या खेळाडूने गोल केला, की त्याचे नाव, गोलाचे मिनिट, इतकेच नव्हे तर चेंडू डाव्या पायाने गेला की उजव्या, हेही कागदावर रुजू होते. परंतु जो चेंडू गोलाच्या वाटेवर असताना कोणी मध्येच अडवला, त्याची नोंद ठेवण्याचा शिरस्ता जुन्या दप्तरांत नव्हता. मोहिमेवर निघालेल्या सरदाराचे नाव पोवाड्यात येते, आणि पावसाळ्याचे चार महिने गड राखणारा हवालदार फार तर एखाद्या सनदेच्या कागदात सापडतो, तसाच हा प्रकार आहे. भारतीय राष्ट्रीय संघाचे बचावपटू जर्नेलसिंग ढिल्लों यांचे प्रस्तुत चरित्र हाती आले तेव्हा, ज्या कर्तृत्वाचा पुरावा अभावरूप आहे ते कर्तृत्व शब्दांत कसे मांडावे, हाच प्रश्न माझ्या मनात सर्वप्रथम उभा राहिला; आणि या प्रस्तावनेत मी जे काही म्हणणार आहे ते बहुतांशी त्या एका प्रश्नाभोवतीच फिरणारे आहे.

हा प्रश्न जर्नेलसिंगांच्या बाबतीत अधिकच बिकट होतो, याला कारण त्यांची लौकिक कीर्ती. जकार्ता येथील 1962च्या आशियाई क्रीडास्पर्धेत उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले, डोक्याला पट्टी बांधून ते खेळले, आणि भारताला सुवर्णपदक मिळाले, एवढे बहुतेक क्रीडाप्रेमींना ठाऊक असते. परंतु त्या दोन सामन्यांत ते बचावपटू म्हणून खेळलेच नव्हते. म्हणजे एका थोर बचावपटूची आठवण लोकांनी जपून ठेवली ती नेमकी त्याने आपली जागा सोडली होती त्या दोन दिवसांची! बाकीची दहाबारा वर्षे, ज्यांत त्याने आपले खरे काम केले, ती जणू बेवारस पडून राहिली. त्या वर्षांवर कोणीतरी हक्क सांगणे आवश्यक होते.

जर्नेलसिंगांचा जन्म 20 फेब्रुवारी 1936चा. त्यांचे बालपण लायलपूरकडील कालव्यांच्या मुलखात गेले. इंग्रजी अमदानीत चिनाब नदीचे पाणी फिरवून ओसाड माळावर वसवलेल्या या वसाहतींत गावांना नावांपेक्षा जमाबंदीचे क्रमांकच अधिक, आणि त्या क्रमांकांच्या गावांत पंजाबातील निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कष्टाळू शेतकरी कुटुंबे नांदत होती. हा सुपीक मुलूख 1947 साली सीमेपलीकडे गेला, आणि अकरा वर्षांचा हा मुलगा निर्वासितांच्या लोंढ्यातून पूर्व पंजाबात आला. होशियारपूर जिल्ह्यातील पनाम हे पुढे त्याच्या कुटुंबाचे गाव झाले. त्या दिवसांच्या हालअपेष्टांत त्याच्या खेळातील कणखरपणाचे मूळ शोधण्याचा मोह कोणाही चरित्रकाराला होईल. तो आवरलेला बरा. फाळणीने लक्षावधी मुले होरपळली, आणि त्यांतून जर्नेलसिंग एकच निपजला. थोर खेळाडू घडण्यास दुःखापेक्षा मैदान, सवंगडी आणि रोजचा सराव या साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात, आणि त्या सर्व त्याला पनामपासून फारशा दूर नसलेल्या माहिलपूर येथे मिळाल्या.

माहिलपूर हा होशियारपूर जिल्ह्यातील एक कसबा. तेथील खालसा कॉलेजाने फुटबॉलच्या खेळाडूंच्या पिढ्यांमागून पिढ्या देशाला पुरवल्या, आणि पंजाबच्या फुटबॉलचे माहेरघर असा लौकिक त्या गावाने कमावला. शेतीच्या कामाने कसलेली शरीरे, विस्तीर्ण मैदाने आणि खेळाला वाहिलेले शिक्षक यांचा संयोग तेथे जमून आला होता. या कॉलेजात असताना जर्नेलसिंग कधीकधी आघाडीलाही खेळत, ही बाब येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो, कारण पुढे जकार्त्याला तिचा हिशेब लागायचा आहे. मात्र त्यांचा पिंड बचावाचाच होता. आणि त्या काळी फुटबॉल खेळून नाव काढू इच्छिणाऱ्या तरुणाला कलकत्त्यावाचून दुसरी पेठ नव्हती. प्रथम तेथील राजस्थान क्लब आणि 1959पासून मोहन बागान, असा त्यांचा प्रवास झाला. मोहन बागानच्या हिरव्या-तांबड्या सदऱ्यात ते जवळजवळ दहा वर्षे खेळले, आणि त्या दहा वर्षांत त्या संघाने कलकत्ता लीगची विजेतेपदे वारंवार मिळवली, तर ड्युरंड चषक 1963, 1964 व 1965 असा ओळीने तीन वर्षे जिंकला. बंगालने एका पंजाब्याला इतके निःशंकपणे आपले म्हटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

त्यांचे काम नेमके काय होते, हे समजण्यासाठी आपल्या फुटबॉलची त्या आधीची अवस्था थोडक्यात ध्यानात घ्यावी लागेल. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ फ्रान्सशी खेळला तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तो सामना आपण 1-2 असा, तोही दोन पेनल्टी दवडून, हरलो आणि पराभवातही कौतुक मिळवून आलो. पण कौतुकावर फार दिवस निभत नाही. 1952 साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आपण एक केला, आणि मग कुठे खेळाडूंच्या पायांत बूट सक्तीने आले. बूट आले तरी मांडणी जुनीच होती. 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल झाल्यावर युरोपातील संघांनी दोन फुलबॅकच्या मध्ये तिसरा बचावपटू उभा केला, सेंटर-हाफला मागे खेचून त्याचा स्टॉपर बनवला. आपल्याकडे मात्र दोन फुलबॅकच्या भरवशावर गोलमुख सोडून बाकीच्यांनी पुढे धावायचे, ही रीत पुष्कळ काळ टिकली. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाल्यावर त्यांनी हळूहळू हा सारा बंदोबस्त बदलला, आणि चार जणांची बचावफळी उभी करण्यापर्यंत मजल मारली. अशा फळीला मधोमध एक न हलणारा, न गोंधळणारा, उंचावरून येणारा चेंडू डोक्याने आणि जमिनीवरून येणारा पायाने परतवणारा असामी लागतो. ती जागा जर्नेलसिंगांची होती.

या कामातील कसब दुरून दिसत नाही, म्हणून ते जरा जवळून पाहू. प्रतिपक्षाचा चपळ आघाडीपटू चेंडू घेऊन समोरून येतो तेव्हा नवशिक्या बचावपटू त्याच्या अंगावर धावून जातो आणि फसतो; कारण धावणारा मनुष्य एकदा झेपावला, की त्याला दिशा बदलता येत नाही, हे आघाडीपटूला पक्के ठाऊक असते. जाणता बचावपटू दोन पावले मागे सरतो, शरीर किंचित तिरपे ठेवतो, आणि गोलाकडची बाजू बंद करून दुसरी बाजू उघडी ठेवतो, म्हणजे समोरचा आपण होऊन कडेच्या रेषेकडे वळतो. मग चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटण्याचा एक क्षण येतो. घसरत जाऊन चेंडू हिरावण्याची जी क्रिया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘स्लायडिंग टॅकल’, ती त्या क्षणीच साधावी लागते. निमिषभर आधी गेले तर मनुष्य हुलकावणी देऊन निघून जातो, निमिषभर मागून गेले तर चेंडूऐवजी पाय सापडतो आणि पंचाची शिट्टी वाजते. त्यातून कलकत्त्याची लीग भर पावसाळ्यातली. ओल्या गवतावर शरीर किती लांब घसरेल याचा अदमास दररोज निराळा, आणि चेंडूही चिखलाने जड झालेला. जर्नेलसिंगांचा हा टॅकल त्या काळी विख्यात होता. ते अंगापिंडाने धिप्पाड होते आणि त्यांचा खेळ कठोर होता, हे सर्वमान्य आहे. परंतु निव्वळ दांडगाईने दहा वर्षे अशी जागा राखता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता पुराव्याकडे वळतो. न झालेल्या गोलांची नोंद जुन्या दप्तरांत नसे असे मी वर म्हटले. तथापि कधीकधी दैवयोगाने असा एखादा कागद हाती लागतो, की ज्यावरून अशा गोलांचाही अदमास बांधता येतो. 1960च्या रोम ऑलिंपिकमधील आपल्या गटाचा निकालपट हा तसा कागद आहे. त्या गटात हंगेरी, फ्रान्स, पेरू आणि भारत असे चार संघ होते. हंगेरीच्या आघाडीला फ्लोरियान आल्बर्ट हा तरुण होता, जो पुढे 1967 साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. या हंगेरीने पेरूवर सहा गोल केले आणि फ्रान्सवर सात. भारतावर तिला दोनच गोल करता आले, आणि बलरामच्या गोलामुळे तो सामना 2-1 एवढ्यावरच राहिला. फ्रान्सशी आपली 1-1 अशी बरोबरी झाली, तीही पी. के. बॅनर्जींनी मिळवून दिलेली आघाडी सामना संपत आला असताना हातची गेल्यामुळे. पेरूशी आपण 1-3 असे हरलो आणि गटात तळाला राहिलो. गुणतक्ता पाहणारा म्हणेल, भारत शेवटचा आला. पण हेलसिंकीला दहा गोल खाल्लेला देश आठच वर्षांनी, ज्या संघाने इतरांना सहा-सहा, सात-सात गोलांनी झोडपले त्याला दोनावर रोखून धरतो, याचा अर्थ मधल्या काळात त्याची बचावफळी नव्याने जन्माला आली होती. गोलरक्षक थंगराज, चंद्रशेखर, लतीफ आणि मधोमध जर्नेलसिंग, हा तो नवा जन्म होय. सात वजा दोन, या साध्या वजाबाकीत बचावपटूचे जेवढे चरित्र आहे तेवढे एखाद्या गौरवग्रंथात क्वचितच सापडेल.

जकार्त्याची कथा अनेकांनी सांगितली आहे. तरीही तिचा ओघ येथे दिल्यावाचून गत्यंतर नाही. इंडोनेशियाच्या सरकारने त्या स्पर्धेत इस्राएल आणि तैवान यांना प्रवेश नाकारला. आशियाई स्पर्धांचे एक आद्यप्रवर्तक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली, आणि स्पर्धेचे ‘आशियाई’ हे नाव काढून घ्यावे असा आग्रह धरला. त्याचा परिणाम असा झाला, की यजमान नगरीचा सारा रोष भारतीय पथकावर उलटला, जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला चढवला, आणि आपल्या खेळाडूंना रस्त्याने जाणे मुश्किल झाले. पगडीमुळे शीख खेळाडू लांबूनच ओळखू येत, म्हणून त्यांना बसमध्ये खाली बसून प्रवास करावा लागे, असे सहकाऱ्यांनी पुढे सांगितले आहे. मैदानावरही सुरुवात शुभ नव्हती: पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला 0-2 असे हरवले. थायलंडला आपण 4-1 असे नमवले, पण त्या सामन्यात जर्नेलसिंगांच्या डोक्याला जबर मार बसला आणि टाके घालावे लागले. जपानविरुद्धचा पुढचा सामना 2-0 असा जिंकून संघ उपांत्य फेरीत आला, तेव्हा रहीमसाहेबांपुढे मोठा पेच उभा राहिला. टाके घातलेल्या डोक्याच्या माणसाला बचावात उभे करावे, तर दर मिनिटाला त्याने उंच चेंडूंशी टक्कर घ्यायची. त्याला बसवून ठेवावे, तर संघातील सर्वांत खंबीर मनुष्य बाहेर बसायचा.

रहीमसाहेबांनी जो तोडगा काढला तो त्यांच्या प्रज्ञेचा अस्सल नमुना होय. कॉलेजच्या दिवसांत हा मनुष्य आघाडीला खेळत असे, हे ध्यानी घेऊन त्यांनी त्याला सेंटर-फॉरवर्ड केले आणि मागची बाजू अरुण घोष, चंद्रशेखर व त्रिलोकसिंग यांच्या हवाली केली. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर 3-2 असा विजय मिळाला. कर्णधार चुनी गोस्वामींनी दोन गोल केले, जर्नेलसिंगांनी एक. 4 सप्टेंबर 1962 रोजी दक्षिण कोरियाशी होणाऱ्या अंतिम सामन्यासाठी सेनायन स्टेडियमवर लाखाच्या घरात माणसे जमली होती आणि त्यांतील बहुतेक सारी भारताच्या विरुद्ध ओरडत होती. आपल्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, ही गोष्ट त्या दिवशी हजर असलेल्या खेळाडूंनी आवर्जून सांगितली आहे. लायलपुराहून विस्थापित होऊन आलेल्या माणसाला त्या टाळ्या कशा वाटल्या असतील, याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगांनी दुसरा, आणि पहिल्या सामन्यात आपल्याला हरवलेल्या कोरियाला शेवटी शेवटी एकच गोल फेडता आला. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही. आणि रहीमसाहेब कर्करोगाने पुढच्याच वर्षी, जून 1963मध्ये निवर्तले.

तथापि दुसऱ्या गोलानंतरची जी सत्तर मिनिटे भारताने आघाडी सांभाळली, ती सांभाळली कोणी, हा माझा प्रश्न वाचकांनी विसरू नये. पुढे गेलेल्या जर्नेलसिंगांच्या माघारी त्यांचे काम करणारे अरुण घोष आणि त्यांचे सोबती यांच्या वाट्याला कीर्तीचा तोच तुटपुंजा हिस्सा आला, जो एरवी जर्नेलसिंगांच्या वाट्याला येई. जागा बदलताच मानही बदलला. या एका अदलाबदलीत बचावपटूच्या नशिबाची सारी कैफियत आली आहे.

जकार्त्यानंतर जर्नेलसिंग पुन्हा आपल्या ठाण्यावर परतले. 1964 साली इस्राएलमध्ये झालेल्या आशियाई चषकस्पर्धेत भारत उपविजेता ठरला. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 1965 ते 1967 या काळात ते भारताचे कर्णधार होते, आणि आशियातील निवडक खेळाडूंच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध त्यांनी गोलमुख राखले होते त्यांनीच त्यांना आपला नायक मानले. परंतु कर्णधारपद मिळाले ते उतरत्या काळात. रहीमसाहेब नव्हते, जकार्त्याचे सोबती एकेक करून निवृत्त होत होते, आणि 1966च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत आपला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. पुढे पंजाबच्या क्रीडाखात्यात त्यांनी अधिकारपदे सांभाळली, त्या राज्याच्या फुटबॉलला मार्गदर्शन केले, आणि 13 ऑक्टोबर 2000 रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले.

पंजाबात वाढलेल्या आणि बंगालात गाजलेल्या या खेळाडूचे चरित्र मराठी वाचकांनी का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला पहिले उत्तर असे, की ज्या बचावफळीने त्यांना त्राता मानले तिच्यात आपली माणसे होती. उजव्या बाजूचे चंद्रशेखर जन्माने केरळीय खरे, पण ते मुंबईच्या कॅलटेक्स संघाकडून खेळत, आणि महाराष्ट्राने 1963-64च्या मोसमात संतोष करंडक जिंकला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. जकार्त्याच्या अंतिम सामन्यात मधल्या फळीत खेळलेले फोर्तुनातो फ्रँको हे गोव्याच्या कोलवाळचे, आणि टाटांच्या संघाकडून मुंबईत नावारूपाला आलेले; गोवा मुक्त होऊन वर्षही लोटले नव्हते तेव्हा त्यांनी भारताचा सदरा अंगात घालून सुवर्णपदक स्वीकारले. दुसरे उत्तर मुंबईच्या कूपरेज मैदानाचे. 1891 साली सुरू झालेला रोव्हर्स चषक म्हणजे मुंबईकरांना देशातील उत्तम संघ घराजवळ पाहण्याची संधी असे, आणि मोहन बागान त्या चषकासाठी मुंबईत येई तेव्हा जर्नेलसिंगांचा खेळ मराठी प्रेक्षकांनी बाकांवर बसून पाहिलेला आहे. तिसरे उत्तर कोल्हापूरचे. तेथे तालमींच्या नावाने संघ उतरतात, पेठांची इभ्रत पणाला लागते, आणि शाहू स्टेडियमवर माणूस मावत नाही. फुटबॉल म्हणजे परमुलखातील चैन आहे ही समजूत त्या शहराने केव्हाच खोटी ठरवली आहे.

चरित्रकाराच्या पद्धतीविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. भारतीय फुटबॉलच्या त्या सुवर्णकाळातील सामन्यांची चित्रफीत फारशी उरलेली नाही; वर्तमानपत्रांतील वृत्तान्त गोलांपुरते बोलतात आणि बाकीच्या वेळेविषयी मौन बाळगतात; मग उरतात त्या सोबत्यांच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या साक्षी. साक्षी म्हटल्या की अतिशयोक्ती आली, स्मरणाची गल्लत आली, आणि जकार्त्याच्या झगझगाटात आजूबाजूची वर्षे पुसट होण्याचा धोकाही आला. या अडचणीवर मात करण्याचा सरळ मार्ग एकच, आणि तो प्रस्तुत लेखकाने पत्करला आहे, याचे मला समाधान वाटते: नायकाची स्तुती आवरती घ्यायची, आणि त्याच्या समोर कोण उभे होते, ते अन्यत्र काय करत आणि त्याच्यासमोर त्यांना काय करता आले नाही, याचा तौलनिक हिशेब मांडायचा. भक्तिभावाने भारलेल्या वाचकाला हा हिशेब किंचित कोरडा वाटेल. पण बचावपटूला न्याय मिळतो तो अशा कोरड्या हिशेबातूनच. विशेषणांची खैरात गोल करणाऱ्यांवर पूर्वीच होऊन गेली आहे.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच, की पुस्तकाअखेरचे निकालांचे तक्ते चाळताना आपण केलेल्या गोलांचा रकाना घटकाभर बाजूला ठेवावा आणि प्रतिपक्षाचा रकाना आधी वाचावा. तसेच आपल्या तालमींच्या, शाळांच्या आणि क्लबांच्या ज्या वह्यांत आज केवळ गोल करणाऱ्यांची नावे उतरवली जातात, त्यांत अडवलेल्या चेंडूंसाठीही एक रकाना आखावा. ही मागणी क्षुल्लक दिसते, परंतु मुले कोणत्या जागेवर खेळायला मागतात हे पुष्कळदा अशा रकान्यांवरच ठरत असते. आज मैदानावर उतरणाऱ्या दहा मुलांतील नऊ जणांना सेंटर-फॉरवर्ड व्हायचे असते; हे चरित्र वाचून दहावा जर स्वखुशीने मागे उभा राहिला, आणि त्याच्या शिक्षकाने त्याचे नाव वहीत लिहून ठेवले, तर लेखकाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.